वेळेचे गाव

‘किती वाजले?’ या प्रश्नाला आज आपण घड्याळाकडे पाहून चटकन उत्तर देतो. ‘कोठे?’ असा उलट प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी मात्र हा उलट प्रश्न अगदी रास्त होता, आणि गंमत अशी की, परदेशप्रवासाचा बेत भ्रमणध्वनीतील दिनदर्शिकेत नोंदवू गेल्यास तोच प्रश्न आज पुन्हा समोर येतो. आपल्यापैकी बहुतेक घरांतील मुले-नातवंडे आता सातासमुद्रापार आहेत, आणि त्यांच्याकडे जाणेयेणेही नित्याचे झाले आहे. म्हणून या प्रश्नाचा पूर्वेतिहास थोडा तपासून पाहावा असे आम्हांस वाटले.

माळव्यातील आपल्या घराण्यांना उज्जयिनीची थोरवी नव्याने सांगावयास नको. प्राचीन ज्योतिषग्रंथांनी लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा ही मध्यरेषा मानली. तिच्या पूर्वेस वा पश्चिमेस असलेल्या गावासाठी गणितात जी दुरुस्ती करावयाची, तिला ‘देशांतर संस्कार’ असे नाव होते. साठ पळांची घटिका आणि साठ घटिकांचे अहोरात्र. त्या हिशेबाने रेखांशाच्या एका अंशास दहा पळे, म्हणजे आजची चार मिनिटे. घटिकापात्र पाण्यात सोडून लग्नघटिका मोजणाऱ्या जोशीबुवांना वेळ ही कोणत्या तरी गावाचीच असते, हे निराळे शिकावे लागत नव्हते. गावाचा सूर्योदय हाच त्यांच्या दिवसाचा आरंभ होता.

याच चार मिनिटांच्या हिशेबाने पाहिले, तर आपल्या वस्त्यांच्या मूळच्या वेळा आजच्या प्रमाणवेळेहून किती मागे होत्या ते ध्यानात येते. हैदराबाद सुमारे १६ मिनिटे, ग्वाल्हेर १७, इंदूर २७, बेळगाव ३२, पणजी ३५, बडोदे ३७ आणि मुंबई ३९ मिनिटे मागे. बैलगाडीने वा घोड्यावरून जाणाऱ्या माणसाला हा फरक कधी जाणवला नाही. दिवसाला दहा-पंधरा कोस चालणाऱ्या प्रवाशाच्या बाबतीत सूर्यच त्याचे घड्याळ लावून देत असे.

आगगाडी आली आणि हा निवांतपणा संपला. एकाच मार्गावरील प्रत्येक स्थानकाने आपापली वेळ पाळली, तर वेळापत्रक आखणेच अशक्य. म्हणून १८७० च्या सुमारास हिंदुस्थानातील रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रासला १७९२ पासून सरकारी वेधशाळा होती, आणि ते शहर रेखांशाने मुंबई व कलकत्ता यांच्या मधोमध पडत होते. पण त्यामुळे मुंबईकरापुढे दोन घड्याळे उभी राहिली. मद्रासची वेळ मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे. नऊची गाडी गाठावयास जो शहराच्या घड्याळाप्रमाणे नऊला स्थानकावर पोहोचला, त्याची गाडी अर्ध्या तासापूर्वीच सुटलेली असे.

१८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबई शहरालाच मद्रासची वेळ लावू पाहिली. नागरिकांनी ती मानली नाही, आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी, १८८४ च्या ऑक्टोबरात, वॉशिंग्टन येथे पंचवीस देशांचे प्रतिनिधी जमले आणि ग्रीनिचची रेषा मूळ रेषा म्हणून मान्य झाली. त्या आधारावर १ जुलै १९०५ पासून रेल्वेने, आणि १ जानेवारी १९०६ पासून सरकारने, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ सुरू केली. तेव्हा मुंबईत पुन्हा असंतोष उसळला. १९०६ च्या जानेवारीत काही हजार गिरणी कामगारांनी काम नाकारले व दगडफेकही केली. नव्या घड्याळाने त्यांची पहाट ३९ मिनिटे हिरावून घेतली, हे त्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. महानगरपालिकेने आपल्यापुरती मुंबईची वेळ राखली, आणि ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे शहरात टिकून होती. गोव्याची वाट आणखी निराळी. पोर्तुगालच्या १९११ च्या कायद्याने १९१२ पासून तेथे ग्रीनिचच्या पाच तास पुढची वेळ ठरली. सरहद्द ओलांडली की घड्याळाचा काटा अर्ध्या तासाने हलावा, असा तो कारभार होता.

या विरोधास आपण मागासलेपणा म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. एक वेळ हवी हे खरेच होते. आगगाडी आणि तारायंत्र यांना तिच्यावाचून चालणार नव्हते. पण वेळेला गाव असते, हे त्या लोकांना जे कळत होते, तेही तितकेच खरे होते. सबंध देशाला एक वेळ मिळाल्यावर आपण ते गाव विसरलो, कारण देशात राहून ते आठवण्याची गरजच उरली नाही. परदेशी निघालो की गरज पुन्हा उत्पन्न होते.

संगणकातील दिनदर्शिका याच इतिहासावर उभी आहे. जगातील प्रदेशांच्या वेळा नोंदवणारी एक सारणी १९८० च्या दशकापासून अभ्यासकांनी जोपासली असून, भ्रमणध्वनी व संगणक तिचा आधार घेतात. भारताची नोंद तीत ‘आशिया/कोलकाता’ या नावाने आहे. जुनी मद्रासची वेळ, १९०६ ची प्रमाणवेळ, दुसऱ्या महायुद्धात एक तास पुढे सारलेली आणि १९४५ च्या ऑक्टोबरात परत आणलेली घड्याळे, हे सारे त्या नोंदीत आहे. मुंबईसाठी मात्र तीत निराळी नोंद नाही.

दिनदर्शिकेत वेळ तीन प्रकारे लिहिता येते. पहिली जागतिक मूळ वेळ. दुसरी विशिष्ट प्रदेशाशी बांधलेली. तिसरी तरंगती, म्हणजे आपण असू तेथल्या घड्याळाप्रमाणे चालणारी. सकाळी आठचे औषध तरंगत्या वेळेत सहसा शोभते. विमानाचा प्रवास मात्र प्रदेशाशी बांधावाच लागतो, कारण तिकिटावरची प्रत्येक वेळ ही त्या त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते.

समजा, उन्हाळ्यात मुंबईहून पहाटे दोनला निघणारे विमान लंडनला सकाळी सातला उतरते. दोन्ही वेळा भारताच्या म्हणून लिहिल्या, तर दिनदर्शिका साडेनऊ तासांचा प्रवास पाच तासांचा दाखवील. शिवाय लंडनला उतरल्यावर भ्रमणध्वनीने तेथील वेळ धरली की सातची नोंद अडीचवर सरकलेली दिसेल. तेव्हा निघण्याची वेळ भारताच्या नावे आणि पोहोचण्याची ब्रिटनच्या नावे लिहावी. नोंदीत दोन्ही टोकांना निरनिराळा प्रदेश निवडण्याची सोय नसेल, तर गावाचे नाव मजकुरातच लिहून ठेवावे. ब्रिटनची घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात. त्यामुळे आपल्याशी असलेले अंतर उन्हाळ्यात साडेचार तास, तर हिवाळ्यात साडेपाच तास होते. अमेरिकेतील बहुतेक भागांत हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. म्हणून ‘इतके तास मागे’ असा आकडा पाठ करण्यापेक्षा गाव निवडावे. आकड्याची काळजी सारणी घेते.

आपल्या जुन्या सवयीमुळे येथे आणखी एक अडचण उद्भवते. सूर्योदयापासून दिवस मोजणारे आपले वडीलधारे शनिवारच्या रात्री साडेबाराला शनिवारच म्हणतात. विमान कंपनीच्या लेखी मात्र मध्यरात्र होताच रविवार लागतो. रविवारी साडेबाराचे विमान म्हणजे शनिवारी संध्याकाळीच घर सोडणे, हे तिकीट हाती येताच ठरवून टाकावे.

हा केवळ यंत्राचा विषय नाही. लेकीने तेथून दूरध्वनी करावा आणि आईने तो झोपेतून दचकून उचलावा, किंवा आजोबांच्या वर्षश्राद्धाला निघालेल्या नातवाने एक दिवस उशिरा पोहोचावे, ही हानी काही यंत्राची नव्हे. घराणी पिढ्यान्‌पिढ्या स्थलांतरित झालेल्या आपल्यासारख्यांनी भाषा आणि कुळाचार यांबरोबर पंचांगही सोबत नेले. त्या पंचांगाने वेळेआधी स्थळ विचारण्याची शिस्त आपल्याला लावली होती. दिनदर्शिकेत प्रदेशाचा जो रकाना आपण घाईने रिकामा सोडतो, तो देशांतर संस्काराचाच रकाना आहे. तो आधी भरावा, मग तास-मिनिटे लिहावीत.