कंदापासून गोळीपर्यंत

गौरी-गणपती, सत्यनारायण किंवा घरचे लग्नकार्य जवळ आले, की औषधाच्या दुकानातून हळू आवाजात एक गोळी मागून आणली जाते. पाळी पुढे ढकलण्याची. बहुधा ती नॉरएथिस्टेरॉनची असते. तिच्यामागे केवढा इतिहास आहे, हे घेणारीला क्वचितच ठाऊक असते.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर बीजांडकोशात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होते. गर्भाशयाचे आतले अस्तर त्याच्या आधाराने टिकते. ते ओसरले की अस्तर सुटते व पाळी येते. १९३४ साली हे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळाले खरे. पण हजारो डुकरिणींच्या बीजांडकोशांतून हाती येई ते काही मिलिग्रॅम. शिवाय तोंडावाटे घेतले तर यकृत बहुतेक सारे नष्ट करी, म्हणून इंजेक्शन घ्यावे लागे.

यातून वाट दाखविली ती एका रानकंदाने. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांना १९४२ मध्ये मेक्सिकोच्या वेराक्रूझ प्रांतात तो मिळाला. आपल्या कोनफळाच्या, करांद्याच्या कुळातलाच तो. त्यातील डायोस्जेनिनपासून त्यांनी प्रोजेस्टेरॉन बनविले. १९४४ मध्ये मेक्सिको शहरात सिंटेक्स कंपनी उभी राहिली. तेथे कार्ल जेरासी यांच्या मार्गदर्शनाखाली लुईस मिरामोंतेस या तरुण विद्यार्थ्याने १५ ऑक्टोबर १९५१ रोजी नॉरएथिस्टेरॉन तयार केले. रेणूतील फेरफारामुळे हे औषध तोंडावाटे घेतले तरी गुण देई. १९५७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, ती पाळीच्या विकारांसाठी. गर्भनिरोधक गोळ्यांत त्याचा वापर पुढे झाला.

अतिरक्तस्रावाने खंगलेल्या कितीतरी स्त्रियांना या औषधाने आधार दिला. आपल्याकडे मात्र ते पंचांगाच्या सोयीचे झाले. गोळी चालू असेतो अस्तर टिकते. बंद केली की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. एवढे सोपे वाटते म्हणूनच सावध राहावे. पूर्वी रक्ताची गुठळी, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीला ही गोळी धोक्याची ठरू शकते, आणि दुकानदार हे विचारीलच असे नाही.

रूढी पाळावी की सोडावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु गोळी आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि त्याही आधी, जिला ती घ्यायची आहे त्या सुनेला, लेकीला विचारावे. तिने नको म्हटले, तर देव रागावणार नाही.