शब्दवेध : धोतरा

यवतेश्वराला काय, सागरेश्वराला काय, महादेवाच्या पिंडीवर धोतरा वाहायचाच. संस्कृत ‘धत्तूर’चा मराठीत धोतरा झाला आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या लॅटिनमध्ये ‘दतुरा’. त्याचं दुसरं नाव ‘कनक’. दम्यावरच्या कनकासवातला कनक तो हाच, सोनं नव्हे. १८०२ साली मद्रासहून जनरल जेंट यांनी दम्यासाठी धोतऱ्याचा धूर ओढण्याचा उपाय ब्रिटनला नेला.

धोतऱ्यातल्या ॲट्रोपिन या द्रव्याचं नाव मात्र ग्रीक आहे. ॲट्रोपॉस ही आयुष्याचा धागा कापणारी देवता. नाव अगदी योग्य, कारण धोतरा विषारीच; घरी प्रयोग केल्यास भ्रम, प्रसंगी मृत्यू ओढवतो.

औषध आणि विष यांतलं अंतर रसायनज्ञांनी वाढवलं. फुप्फुसात वेगस मज्जातंतू ॲसिटिलकोलीन सोडतो, त्यानं श्वासनळीभोवतीचे स्नायू आवळतात, कफही वाढतो. ॲट्रोपिनच्या धर्तीवर घडवलेली इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही औषधं ॲसिटिलकोलीनची जागा अडवतात. स्नायू सैल पडतात, वाट मोकळी होते. त्यांच्या रेणूवर कायमचा धनभार असल्यामुळे ती रक्तात फारशी उतरत नाहीत, मेंदूपर्यंत तर जवळजवळ नाहीच. म्हणून भ्रम टळतो; तोंडाला कोरड पडते, तेवढी सोसावी लागते.

कराड-शिराळ्याकडे चुलीपुढे जन्म काढलेली एखादी आजी सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजारासाठी रोज एकदा टायोट्रोपियम ओढते. त्या नावातलं ‘ट्रोप’ ॲट्रोपिनचं, आणि ते ॲट्रोपिन तिच्या बांधावरच्या धोतऱ्यातही आहे.