एसटीतल्या आमदाराच्या पलीकडे

गणपतराव देशमुख ३० जुलै २०२१ ला सोलापुरात वारले, तेव्हा पेपरांतून एकच चित्र पुन्हा पुन्हा समोर आलं. पांढरे कपडे, हातात पिशवी, एसटीने मुंबईला जाणारा साधा आमदार. त्यात खोटं काहीच नव्हतं. आमच्या लाल गाडीत पुढच्या बाकावर आमदार-खासदारांसाठी राखीव जागा म्हणून लिहिलेलं असतं. त्या जागेवर खरोखरचा आमदार बसलेला सांगोला तालुक्याने पन्नास-पंचावन्न वर्षं पाहिला. पण दुष्काळी तालुक्यातला माणूस नुसत्या साधेपणाला मत देत नाही. एकदा देईल, दोनदा देईल. अकरा वेळा देणार नाही. गणपतरावांना, म्हणजे आमच्या आबासाहेबांना, साधेपणाच्या चौकटीत बसवून हार घातला की त्यांचं राजकारण काय होतं हे विचारायची गरज उरत नाही, आणि मला ते सहन होत नाही. मी याच तालुक्यातली. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी शिकवलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरांवर निवडणुकीत लाल बावटा असायचा.

त्या बावट्यापासूनच सुरुवात करायला हवी. तो शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा. हा पक्ष काँग्रेसमधून फुटून निघाला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव अशी बहुजन समाजातली मोठमोठी माणसं त्यात होती, आणि शेतकऱ्याचं राज्य आलं पाहिजे ही त्यांची भाषा होती. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्सवादी वाट धरली. पण पुढच्या काही वर्षांत गळती लागली. खुद्द जेधे काँग्रेसमध्ये परतले. वकिली शिकलेले तरुण गणपतराव १९६२ ला शेकापकडून सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा २६४ जागांच्या विधानसभेत काँग्रेसचे २१५ आमदार होते आणि शेकापचे १५. काँग्रेसमध्ये जाणं तेव्हा कुणालाच वावगं वाटत नव्हतं. सहकारी कारखाने, बँका, जिल्हा परिषदा, सगळ्या वाटा तिकडूनच जात होत्या. या माणसाने आयुष्यभर पक्ष बदलला नाही. साधेपणापेक्षा मला हे अवघड वाटतं. एसटीने फिरायला फक्त स्वभाव लागतो. पक्ष १९ आमदारांवरून ३ वर येताना पाहत त्याच पक्षात राहायचं तर आपलं म्हणणं बरोबर आहे असा भरवसा लागतो.

१९६७ ला ते पुन्हा आले आणि १९७२ ला पडले. त्या वर्षी शेकापचे राज्यभरात सातच आमदार निवडून आले. नेमका त्याच वर्षी पाऊस गेला. आमच्या माणदेशाला दुष्काळ नवा नाही, पण बहात्तरचा दुष्काळ वेगळा होता. माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. सायकलच्या जुन्या टायरचं कडं करून त्यात दगड धरायचा, म्हणजे हातोडी बोटावर येत नाही आणि चिपा उडत नाहीत. तरी उडायच्याच. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख कायमचं वाकडं राहिलं. संध्याकाळी मुकादम ढीग मोजायचा, ब्रासवर मजुरी ठरायची, आणि हजेरीपटावर नाव नसलं तर दिवसभराचं काम पाण्यात. आम्हा पोरांना सुकडी मिळायची. तिचा गोडसर वास मला अजून ओळखू येतो.

मागेल त्याला काम, ही कल्पना वि. स. पागे यांची. ते काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. पण कामं निघावीत, मजुरी वेळेवर आणि पुरेशी मिळावी यासाठी गावोगावचे मोर्चे काढले ते डाव्या पक्षांनी. १९७४ ला सांगोल्यात पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव पुन्हा सभागृहात गेले. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात झाला तो १९७७ मध्ये आणि अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. १९७७ ला ते विरोधी पक्षनेते होते, १९७८ ला पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दलाच्या) मंत्रिमंडळात मंत्री. पुढे १९९९ च्या विलासराव देशमुखांच्या सरकारात त्यांच्याकडे पणन आणि रोजगार हमी ही खाती आली. ज्या काँग्रेसशी उभं आयुष्य भांडले तिच्याच मांडीला मांडी लावून बसले, असं तेव्हा तालुक्यातही काही लोक बोलले. मला तो आक्षेप तेवढा जोरकस वाटत नाही. दुष्काळी तालुक्याच्या आमदाराला रोजगार हमी मिळत असेल तर त्याने ती घ्यावी. २००२ ला शेकाप सत्तेबाहेर पडला, तेव्हा तेही बाहेर आले. सत्तेतली त्यांची सगळी वर्षं मिळून पाच-सहाच्या वर जात नाहीत.

उरलेली पाच दशकं हा माणूस विरोधी बाकावरून काय करत होता? कुणी विचारलं तर मी सांगते, प्रश्न. विरोधातल्या लहान पक्षाच्या आमदाराच्या हातात निधी नसतो, बदल्या नसतात. त्याच्या हातात तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी असते, अर्धा तास चर्चा असते. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी लिहून द्यावा लागतो. मग खालपासून वरपर्यंत माहिती मागवली जाते. कालव्याचं काम कुठपर्यंत आलं, भूसंपादनाचे पैसे दिले का, पाण्याचं आवर्तन कालव्याच्या टेलपर्यंत, शेवटच्या टोकापर्यंत, का पोचलं नाही, याचं उत्तर कुठल्यातरी उपअभियंत्याला लिहून द्यावंच लागतं. मंत्र्याने सभागृहात दिलेलं उत्तर छापलं जातं, आणि पुढच्या अधिवेशनात तेच त्याच्यासमोर धरता येतं. हे किचकट काम आहे, त्यात टाळ्या नाहीत. एकाच पाण्यासाठी पिढी बदलेपर्यंत ते करायचं तर कागद जपून ठेवणारा माणूस लागतो.

पाणी हाच सांगोल्याचा सगळा इतिहास. पर्जन्यछायेतला तालुका, माण नदी नावापुरती. नीरा उजव्या कालव्याची शाखा इकडे येते, पण आम्ही टेलला. वरची उसाची शेतं भिजून उरलं तर आमचं. कृष्णेचं पाणी तर त्याहून लांब आणि खोल. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी संघर्ष चळवळ उभी केली. आटपाडीच्या पाणी परिषदांना ट्रक भरभरून माणसं गेली, बायका पुढे होत्या. कृष्णेचं पाणी उचलून इकडे आणा, ही मागणी होतीच. पण तिला जोडून आणखी एक होती: पाणी समान वाटा, आणि ज्याच्या नावावर जमीन नाही त्या कुटुंबालाही वाटा द्या. ही दुसरी मागणी हार घालणाऱ्यांनी विसरायची ठरवलेली दिसते. कृष्णेच्या पाणीवाटपात बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिलं होतं, आणि ३१ मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होणार होता. तोवर आपलं पाणी अडवलं नाही तर हक्क जाईल, ही भीती खरी होती. त्याच घाईतून १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ झालं आणि टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांना जोर आला.

त्या वेळी आबासाहेब सभागृहात नव्हते. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांचा १९२ मतांनी पराभव केला होता. दोन मोठ्या पराभवांची ही वर्षं पाहिली की मला वाईट वाटतं. बहात्तरला दुष्काळ पडला आणि ते बाहेर होते. कृष्णेच्या पाण्याच्या योजना मार्गी लागल्या तेव्हाही बाहेर होते. दोन्ही वेळा त्यांनी काम थांबवलं नाही, म्हणूनच १९९९ ला तालुक्याने त्यांना परत पाठवलं आणि मग २००४, २००९, २०१४ ला सलग.

काही जण म्हणतात, त्यांच्या धनगर समाजाची मतं जास्त, म्हणून ते निवडून यायचे. समाजाची साथ होती, हे मी नाकारणार नाही. पण तीच मतं बहात्तरला आणि पंचाण्णवलाही होती, मग ते पडले कसे? आणि आमच्या गावात मराठा, माळी, दलित वस्तीतही त्यांचे कार्यकर्ते होते, सभेत एकमेकांना भाई म्हणणारे. त्या कार्यकर्त्यांना बांधून ठेवायला संस्था होत्या. राज्यातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या, काहींची यंत्रं भंगारात गेली. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी चालत राहिली, बायकांसाठी वेगळी गिरणी निघाली. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली तिथे पाळीला जायच्या आणि महिन्याचा पगार घरी आणायच्या. डाळिंबाने तालुक्याला पैसा दाखवला, तेल्या रोगाने तो हिरावूनही नेला. गिरणीचा पगार मात्र ठरल्या दिवशी यायचा. घरात स्वतःची कमाई आणणाऱ्या सुनेचं मत कुणी गृहीत धरत नाही, हे मी घरोघर पाहिलंय.

२०१९ ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी पडले. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापकडूनच निवडून आले. घराण्याच्या राजकारणाचा आक्षेप इथे येणार, आणि तो घ्यावाच. आजोबांच्या नावावर मिळालेली मतं पहिल्या निवडणुकीपुरती असतात.

माझी मागणी मात्र साधी आहे. त्यांच्या नावाने चौक, कमानी होत राहतील. पण १९६२ पासून विधानसभेत त्यांनी विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांनी दिलेली उत्तरं विधिमंडळाच्या छापील कार्यवाहीत आहेत. सांगोल्याच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मुलामुलींनी मुंबईला विधान भवनाच्या ग्रंथालयात बसून ती वेगळी काढावीत, तालुक्याच्या पाण्याचे प्रश्न वर्षवार लावावेत, आणि कोणत्या उत्तरातलं किती पाणी खरोखर कोणत्या गावाला मिळालं ते गावोगाव फिरून तपासावं. जेवणखाण आणि प्रवासाचा खर्च आम्ही निवृत्त शिक्षक उचलू. कामाला सुरुवात नीरा उजव्या कालव्याच्या टेलपासून करावी, कारण तिथली म्हातारी माणसं अजून आहेत आणि त्यांना कुठल्या साली किती आवर्तनं आली ते तोंडपाठ आहे.