भीती मेंदूत कुठे मुरते?

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले. दापोली तालुक्यातील मुरूड, हर्णे, आंजर्ले, केळशी या गावांच्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. घरांची कौले आणि पत्रे उडाले. पडलेल्या झाडांचे आणि घरांचे पंचनामे झाले, भरपाईचे आकडे ठरले. पण पुढे वारा जरा वाढला की दचकणारे, वर्गात लक्ष न लागणारे एखादे मूल कोणत्याच पंचनाम्यात येत नाही. ते येते शिक्षकाच्या नजरेस.

मोठे संकट ओसरल्यावर मेंदूत नेमके काय मागे उरते? या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातील काही महत्त्वाची पाने बंगळुरू व मुंबई येथे लिहिली गेली आहेत. तो इतिहास आणि आपल्या विद्यार्थ्यांना या कामात शिरण्याच्या वाटा आपण येथे पाहू.

तोफगोळ्यांपासून सुरुवात

पहिल्या महायुद्धात आघाडीवरून परतणाऱ्या काही सैनिकांच्या अंगावर जखम नसे; पण कोणाची स्मृती गेलेली असे, कोणाची दृष्टी मंदावलेली असे. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने १९१५ साली अशा रुग्णांची हकिगत 'शेल शॉक' या नावाने प्रसिद्ध केली. तोफगोळ्याच्या स्फोटाचा हादरा मेंदूला बसत असावा, अशी तेव्हाची एक समजूत होती. परंतु स्फोटापासून दूर असलेल्या सैनिकांतही तीच लक्षणे दिसू लागली. म्हणजे घाव शरीरावर नसतानाही मेंदूचे वागणे बदलत होते.

१९३६ साली कॅनडात हान्स सेली यांनी उंदरांवर प्रयोग केले. थंडी, शस्त्रक्रियेची इजा, अतिश्रम, औषधांची मोठी मात्रा असे त्रास निरनिराळे होते. परिणाम मात्र सारखाच. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी वाढत, थायमस ग्रंथी आक्रसत आणि जठरात व्रण होत. शरीराच्या या ठरीव प्रतिसादाला पुढे 'ताण' हे नाव रूढ झाले. अधिवृक्क ग्रंथीतून पाझरणारी संप्रेरके मेंदूपर्यंत पोचतात का, याचे उत्तर १९६८ साली अमेरिकेत ब्रूस मॅकइवेन यांच्या प्रयोगातून मिळाले. उंदराला टोचलेले किरणोत्सारी संप्रेरक मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात जाऊन बसले होते. हिप्पोकॅम्पस हा स्मृती घडवणारा भाग. ताणाचा आणि आठवणीचा संबंध असा प्रथमच पेशींच्या पातळीवर दिसला.

व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 'आघातोत्तर ताणविकार' हे निदान आपल्या अधिकृत यादीत घातले. महाराष्ट्रात या निदानाचे महत्त्व ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दाखवून दिले. वाचलेल्या लोकांच्या पाहणीचा प्राथमिक अहवाल १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात आघातोत्तर ताणविकार आणि नैराश्य हे दोन्ही ठळकपणे आढळले. मात्र मुलाखतीतून लक्षणे कळतात, पेशी दिसत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

बंगळुरूचे उंदीर

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र बंगळुरूला आहे. तेथे सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस, हालचाल करता येणार नाही अशा स्थितीत ठेवले. मग मेंदूचे पातळ काप घेऊन ते गॉल्जी पद्धतीने रंगवले. या पद्धतीचा गुण असा, की हजारो पेशींपैकी मोजक्याच रंगतात. पण ज्या रंगतात त्या फांद्यांसकट पूर्ण दिसतात. झाडाच्या फांद्या मोजाव्यात तशा चेतापेशीच्या शाखा मोजता येतात.

२००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या शाखा आखडल्या होत्या. पण अमिग्डाला या भीतीशी निगडित, बदामाच्या आकाराच्या भागात त्या उलट वाढल्या होत्या. एकाच ताणाने एका ठिकाणी छाटणी आणि दुसऱ्या ठिकाणी पालवी! २००४ साली आणखी एक गोष्ट कळली : ताण थांबवून २१ दिवस विश्रांती दिली की हिप्पोकॅम्पस पूर्ववत होतो, अमिग्डाला मात्र होत नाही. आणि २००५ सालच्या प्रयोगात तर दोन तासांचा एकच ताण पुरला. दुसऱ्या दिवशी काहीच फरक नव्हता; दहा दिवसांनी मात्र अमिग्डालातील पेशींच्या शाखांवरचे सूक्ष्म काटे वाढलेले आणि उंदीर अधिक भित्रा झालेला आढळला. संकटानंतर शांत वाटणारे मूल काही दिवसांनी का बिथरते, या प्रश्नाकडे पाहण्याची एक दिशा येथे मिळते.

मुंबईतील पिल्ले

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांनी २००० साली आपली प्रयोगशाळा सुरू केली. त्यांचा प्रश्न बालपणाचा होता. उंदराची पिल्ले जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज तीन तास आईपासून दूर ठेवली, तर मोठेपणी काय होते? ती अधिक चिंताग्रस्त होतात. मेंदूच्या पुढच्या भागात सेरोटोनिन या रसायनाला प्रतिसाद देणाऱ्या एका ग्राहीचे कामही बदलते. त्याच कोवळ्या काळात ही ग्राही औषधाने रोखली, तर पुढची चिंता टळते, असे या गटाने २०११ साली दाखवले. या संशोधनासाठी वैद्य यांना २०१५ चा भटनागर पुरस्कार आणि २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगायला हव्यात. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि संकट पाहिलेले प्रत्येक मूल आजारी पडत नाही; बहुतेक मुले सावरतात. दुसरे म्हणजे, असे प्रयोग मनाला येईल तसे करता येत नाहीत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. विद्यार्थ्याचे प्रशिक्षणही प्राणी न दुखावता हाताळण्यापासूनच सुरू होते.

या कामात शिरायचे कसे?

दापोलीतील विद्यार्थ्याला हे सारे दूरचे वाटते. खरी अडचण बुद्धीची नसून माहितीची आहे. बारावीनंतर पुण्याच्या 'आयसर'मध्ये (स्थापना २००६) पाच वर्षांचा विज्ञान अभ्यासक्रम आहे. जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करणाऱ्यालाही वाट बंद नाही. टाटा संस्थेत पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधनाचा अनुभव घेता येतो. देशातील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ती तर विद्यार्थ्यांप्रमाणेच शिक्षकांसाठीही असते. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करता येते. पीएच.डी.ची दारे केवळ जीवशास्त्रवाल्यांना नाहीत : पेशींच्या शाखा मोजायला गणित लागते, विद्युत्संकेत टिपायला भौतिकशास्त्र आणि ग्राही समजून घ्यायला रसायनशास्त्र. वैद्यक आणि पशुवैद्यक शिकलेल्यांनाही तेथे वाव आहे. अटी आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून संस्थांच्या जाहिराती वेळेवर सूचनाफलकावर लावणे हे काम शाळा-महाविद्यालयांनी अंगावर घ्यावे.

वर्गात आपण आजही काही करू शकतो. वादळानंतरच्या आठवड्यांत कोणते मूल गप्प झाले, कोणाची झोप उडाली, ते कधी सावरले, याकडे शिक्षकाने लक्ष ठेवावे. त्रास टिकून राहिला तर पालकांशी बोलावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुलाची ही टिपणे चारचौघांत वाचायची नसतात, हेही ध्यानात ठेवावे. एकाच वादळातून गेलेली दोन भावंडे, एक लवकर सावरते आणि दुसरे नाही, असे का? याचे पूर्ण उत्तर अजून कोणत्याच प्रयोगशाळेकडे नाही. ते शोधणाऱ्यांत किनाऱ्यावरच्या गावातून आलेले, वादळ स्वतः पाहिलेले काही विद्यार्थी असावेत, असे आम्हांला वाटते.