तळटीप १४ : दृढीकरण

मुंबईच्या लॅटिन विधीच्या कॅथलिक चर्चमध्ये हा संस्कार बहुधा किशोरवयात होतो. बिशप मुलाच्या कपाळावर क्रिस्म लावतात. ऑलिव्ह तेलात सुगंधी बाल्सम मिसळून केलेले हे तेल. मग दहिसरच्या ईस्ट इंडियन घरात 'पोर आता मोठं झालं' असे कुणी म्हणाले, तर नवल नाही. सिरो-मलबार परंपरेत मात्र (त्यांचा कल्याण धर्मप्रांत १९८८ चा) हेच तेल बाप्तिस्म्याबरोबर तान्ह्या बाळालाही लावतात! तेव्हा वयावरून श्रद्धेची पक्वता मोजणे फसवेच. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही या दोन्हींची गल्लत करू नये, असे बजावले आहे. पंचाहत्तरीतली आजी येथे स्वतःला 'शिकाऊ' म्हणवते, तो वाचकांनी निव्वळ विनय समजू नये.