कबड्डीचा विश्वचषक आणि पनवेल

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या प्रवाशास पनवेल हें वाटेंतील एक ठाणें म्हणून ठाऊक असतें. १८३० सालीं बोरघाटांतून गाड्यांचा रस्ता खुला झाला, तेव्हां मुंबईहून मचव्यांनीं आलेला माल पनवेलच्या खाडींत उतरे आणि तेथून बैलगाड्यांनीं घाट चढे. १८५२ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली; महाराष्ट्रांतील अगदीं आरंभींच्या नगरपालिकांत तिची गणना होते. पुढें आगगाडीनें कल्याण-कर्जतची वाट धरली आणि पनवेलचा बंदर म्हणून असलेला रुबाब ओसरला. अशा या गांवीं २००७ सालीं देशोदेशींचे संघ जमले, ते व्यापारासाठीं नव्हे, तर आपला जुना हुतुतू खेळण्यासाठीं. कबड्डीचा दुसरा विश्वचषक पनवेल येथें खेळला गेला आणि अंतिम सामन्यांत भारतानें इराणचा २९ विरुद्ध १९ गुणांनीं पराभव केला.

हा मान मुंबईनंतर पनवेलास मिळाला, याचें आश्चर्य कुलाबा जिल्ह्याशीं परिचय असणारास वाटणार नाहीं. (१९८१ पासून या जिल्ह्यास रायगड म्हणतात.) भाताची कापणी झाली, खाचरें मोकळीं झालीं, कीं या भागांतील आगरी आणि कोळी वस्त्यांतून हुतुतूचीं मैदानें आखलीं जावयाचीं. या खेळास ना चेंडू लागतो, ना फळी, ना पैसा. चार रेषा ओढण्यापुरती जमीन आणि छातींत दम असला म्हणजे झालें. पण जमीन हीच पुढें दुर्मिळ झाली. १९७० सालीं नव्या मुंबईची योजना निघाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंचाण्णव गांवांच्या जमिनी तिच्यासाठीं घेण्याचें ठरलें. १९८४ च्या जानेवारींत जासई परिसरांत याच प्रश्नावरून शेतकऱ्यांवर गोळीबार झाला व त्यांत पांच जणांचा बळी गेला. खाचरांच्या जागीं वसाहती उभ्या राहिल्या. खेळ मात्र गांवांनीं सोडला नाहीं.

खेळाच्या प्राचीनतेविषयीं पुष्कळ कांहीं सांगण्यांत येतें. अभिमन्यु चक्रव्यूहांत शिरला तीच पहिली चढाई, असेंही म्हणणारे आहेत. कल्पना सुंदर आहे. तिला इतिहास मानण्याचें कारण नाहीं. इतिहास सुरू होतो तो नियम लिहिले गेल्यापासून. महाराष्ट्रांत हुतुतू, बंगालमध्यें हाडूडू, तामिळ देशांत सडुगुडु अशीं याचीं नांवें, आणि नांवाइतकेच नियमही निरनिराळे. एका प्रकारांत बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होतांच पुन्हा उठे. त्याला संजीवनी म्हणत. दुसऱ्यांत, म्हणजे गामिनींत, सारा संघ बाद होईपर्यंत त्याला बाहेर बसावें लागे. तिसऱ्यांत, म्हणजे अमरांत, तो मैदान सोडीतच नसे, केवळ गुण मोजला जाई. यांतून एक सर्वमान्य खेळ घडविण्याचें काम प्रामुख्यानें महाराष्ट्रांतील व बडोद्यांतील व्यायामप्रेमी मंडळींनीं केलें. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें नियम ठरवून अखिल भारतीय सामने भरविले. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें हा खेळ युरोपियन प्रेक्षकांस करून दाखविला. आज सर्वत्र खेळला जातो तो मुख्यतः संजीवनीचा प्रकार. बाद झालेल्यास परत येण्याची आशा असते, यामुळेंच सामना शेवटच्या क्षणापर्यंत जिवंत राहतो.

१९५० सालीं अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, आणि १९९० सालीं बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदकाचें स्थान मिळालें. या वाटचालींत शंकरराव तथा बुवा साळवी यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रांत कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. खेळ परदेशीं न्यावयाचा तर तो परदेशीयांस शिकवावा लागणार, हें या पिढीनें ओळखलें होतें. आणि नीट शिकविलें तर शिष्य केव्हां तरी गुरूसमोर उभा राहणार, हेंही त्यांत आलेंच.

पनवेलच्या अंतिम सामन्याचें महत्त्व येथें आहे. पहिला विश्वचषक २००४ सालीं मुंबईंत झाला. त्याही वेळीं अंतिम सामन्यांत समोर इराणच होता, आणि भारतानें ५५ विरुद्ध २७ असा विजय मिळविला होता. तीन वर्षांनीं पनवेलास अंतर अठ्ठावीस गुणांवरून दहांवर आलें. पण केवळ अंतर पाहून भागत नाहीं. इराणचे स्वतःचे गुण मुंबईपेक्षां पनवेलास कमीच झाले, सत्तावीसाचे एकोणीस. म्हणजे त्यांच्या चढाया कांहीं अधिक यशस्वी झाल्या नव्हत्या. बदललें तें हें कीं भारताचे पंचावन्न गुण एकोणतीसांवर अडले. सारा संघ बाद करून लोण चढविला म्हणजे दोन जादा गुण मिळतात. पंचावन्नासारखी रास अशा लोणांवांचून सहसा होत नाहीं. एकोणतीसांचा आंकडा सांगतो कीं इराणी गडी आतां एकदम कोसळत नव्हते, पकडी करीत होते. ज्या देशांत जोरखान्याची आणि कुस्तीची परंपरा आहे, आणि श्वास रोखून खेळावयाचा 'झू' नांवाचा खेळ पूर्वींपासून आहे, त्यानें आधीं पकड आत्मसात करावी हें स्वाभाविकच होतें. विजयाच्या गुलालांत त्या वेळीं हा आंकडा कितीजणांनीं निरखून पाहिला असेल, कोण जाणे!

दुसऱ्या एका खेळांत असेंच घडून गेलें होतें. बेसबॉल हा अमेरिकेचा खेळ. जपाननें तो तिच्याकडूनच उचलला. २००६ सालीं राष्ट्रीय संघांची पहिली 'वर्ल्ड बेसबॉल क्लासिक' स्पर्धा झाली, आणि अंतिम सामन्यांत क्यूबाला हरवून ती जिंकली जपाननें.

कबड्डींत हा दिवस उगवावयास पनवेलनंतर अकरा वर्षें लागलीं. २०१४ सालीं इंचॉन येथील आशियाई स्पर्धेंत भारत अंतिम सामना जिंकला तो अवघ्या दोन गुणांनीं, २७ विरुद्ध २५. त्याच वर्षीं आपल्याकडे व्यावसायिक प्रो कबड्डी सुरू झाली. फजल अत्राचली या इराणी पकडपटूनें पुढें मुंबईच्या आणि पुण्याच्याही संघाचें नेतृत्व केलें. आपलें मैदान, आपले प्रेक्षक आणि कर्णधार इराणी, हें दृश्य पनवेलच्या सामन्याच्या वेळीं कोणास सांगितलें असतें तर तो हंसला असता. २०१६ सालीं अहमदाबादेस तिसरा विश्वचषक झाला. अंतिम सामन्यांत पुन्हा इराणच. मध्यंतरास तो पुढें होता. उत्तरार्धांत अजय ठाकूरच्या चढायांनीं डाव फिरला आणि भारत ३८ विरुद्ध २९ असा जिंकला.

२०१८ च्या ऑगस्टमध्यें जकार्ता येथें मात्र डाव फिरला नाहीं. १९९० पासून लागोपाठ सात सुवर्णपदकें मिळविणारा भारतीय पुरुषसंघ उपांत्य सामन्यांतच इराणकडून १८ विरुद्ध २७ असा हरला. दुसऱ्या दिवशीं महिलांचा अंतिम सामना होता. तोही इराणनें जिंकला, २७ विरुद्ध २४. त्या विजयी इराणी मुलींना ज्या शिक्षिकेनें तयार केलें होतें, त्यांचें नांव शैलजा जैन. त्या नाशिकच्या.