चार सह्यांचे एक पत्र

वडीलधाऱ्यांनी शिकवावे आणि तरुणांनी शिकावे, हा जगाचा रिवाज. परंतु ज्ञानाचा ओघ उलट दिशेनेही वाहू शकतो, याचा एक हृद्य दाखला रोममधील येशूसंघीयांच्या ‘कोलेजिओ रोमानो’ या विद्यापीठाच्या इतिहासात सापडतो.

फादर ख्रिस्तोफर क्लाविउस (१५३८-१६१२) तेथे गणिताचे ज्येष्ठ प्राध्यापक होते. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी जारी केलेल्या दिनदर्शिकेच्या सिद्धतेत त्यांचा मोठा वाटा होता. आपल्या भिंतीवर आजही तीच दिनदर्शिका असते. १५७८ साली गोव्यात उतरून पुढे चीनला गेलेले फादर मात्तेओ रिच्ची हे त्यांचेच शिष्य.

मार्च १६१० मध्ये गॅलिलिओने गुरू ग्रहाभोवती फिरणाऱ्या चार चंद्रांची वार्ता प्रसिद्ध केली. सत्तरी ओलांडलेल्या क्लाविउसना ती पटेना. असे चंद्र दिसायचे तर ते आधी दुर्बिणीतच निर्माण करावे लागतील, असे ते हसून म्हणाल्याचे एका समकालीन पत्रात नमूद आहे. मात्र त्यांनी आपल्या कनिष्ठ सहकाऱ्यांना अडवले नाही. लेंबो यांनी दुर्बिणी तयार केल्या. ग्रीनबर्गर व माल्कोत यांच्यासह निरीक्षणे सुरू झाली. वृद्ध गुरूंनीही त्या नळीला डोळा लावला आणि डिसेंबर १६१० मध्ये गॅलिलिओला स्वतः पत्र लिहून ते चंद्र दिसल्याचे कळवले.

एप्रिल १६११ मध्ये कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिन यांनी या शोधांविषयी विद्यापीठाच्या गणितज्ञांचे मत विचारले. पाचच दिवसांत, २४ एप्रिलला, उत्तर गेले. त्याखाली क्लाविउस, ग्रीनबर्गर, माल्कोत व लेंबो अशा चौघांच्या सह्या होत्या. शोधांना दुजोरा देणाऱ्या त्या पत्रात एक मतभेदही प्रामाणिकपणे नोंदवला होता. चंद्राचा पृष्ठभाग उंचसखल नसून त्याची घनता कमीअधिक असावी, असे फादर क्लाविउस यांना वाटते. इतरांना तो खरोखरच उंचसखल वाटतो. पण निःशंकपणे सांगण्याइतकी खात्री अद्याप नाही, असा त्याचा आशय होता. तरुणांनी गुरूंचे मत दडपले नाही. गुरूंनीही त्यांना गप्प बसवले नाही.

चंद्राबाबत तरुणांचेच खरे ठरले. चंद्रावरील सुमारे २३० किलोमीटर व्यासाच्या एका प्रचंड विवराला आज क्लाविउस यांचेच नाव आहे!

पुढे १६३३ साली गॅलिलिओवरील खटल्याने ख्रिस्तसभेच्या इतिहासात दुःखद पान लिहिले गेले. त्या पार्श्वभूमीवर हे चार सह्यांचे पत्र अधिकच मोलाचे वाटते. शिष्यांना गणिताची शिस्त गुरूंकडून लाभली आणि गुरूंना नवे आकाश शिष्यांनी दाखवले. आपल्या घरांत आणि धर्मग्रामांत ज्येष्ठ व तरुण एकत्र बसतात, तेव्हा एवढा मोकळेपणा आपल्यालाही साधावा.